अळणी आमटी

आप्पा, तुम्ही असताना मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. हेडमास्तरांना पत्र लिहिलं की ते आधी लाल शाईनं ऱ्हस्व-दीर्घ सुधारतात. आज लिहिते आहे, कारण गेल्या आठवड्यात इथं बेळगावात डॉक्टरीणबाईंनी मला आणि आईला एकाच दिवशी तपासलं, आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. त्यांनी आधी आडवं झोपवून दंडाला पट्टा बांधला, मग उभं करून पुन्हा बांधला. आमचं दोघींचं प्रेशर मुळातच कमी, आणि उभं राहिलं की ते आणखी खाली जातं. डोक्याला रक्त पुरत नाही, डोळ्यांपुढं अंधारी येते, आणि दिवसभर राबल्यासारखा थकवा सकाळी उठतानाच अंगात असतो. लो बीपी असलेलं प्रत्येक माणूस असं दमत नाही, पुष्कळजण ठणठणीत असतात, असंही त्या म्हणाल्या. पण आमच्या बाकीच्या तपासण्यांत काही सापडलं नाही. मग त्यांनी गोळीच्या आधी पथ्य सांगितलं. पाणी भरपूर प्या, उठताना सावकाश उठा आणि जेवणात मीठ वाढवा. मीठ, आप्पा.

निपाणीच्या आपल्या घरात बीपी म्हणजे तुमचं बीपी. ‘आप्पांचं बीपी वाढंल’ एवढं कुणी म्हटलं की रेडिओ बंद व्हायचा आणि भांडणं अर्ध्यावर थांबायची. तुमच्यासाठी आमटी अळणी झाली, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तुमची वाटी वेगळी काढून उरलेल्या आमटीत मीठ घालावं, हे तुम्हाला सोसलं नाही. “घरात मीठ दिसलं की हात जातोच. समद्यांनी सोडायचं,” असं तुम्ही ठरवलंत आणि लोणच्याची बरणी शेजारी गेली. साखरेला तुमची ना नव्हती. बेळगावला गेलात की कुंदा आणायचात आणि पहिला घास माझ्या हातावर ठेवायचात, तेही आठवतं. आई दुपारी भांडी घासून भिंतीकडं तोंड करून पडायची. तुमच्या चपला वाजल्या की धडपडत उठायची आणि कपाट धरून, डोळे मिटून उभी राहायची. “आळश्याला गंगा दूर,” असं म्हणून तुम्ही टोपी खुंटीला लावायचात. एकदा ती शेजारच्या काकूंच्या मागच्या दारात चिंचेचा गोळा मिठात बुडवून खात होती. तुम्ही चार बायकांसमोर विचारलंत, “ह्या वयात डोहाळं लागल्यात काय?” बायका हसल्या, आईही हसली. तिच्या अंगाला काय कमी पडत होतं ते तिच्या जिभेला कळलं होतं, घरात दुसऱ्या कुणाला कळलं नाही.

तुमचं बीपी बघायला दवाखान्यातला कंपाउंडर घरी यायचा. एका सकाळी त्यानं तुमच्या दंडाचा पट्टा सोडला आणि आईनं पदर सावरत आपला हात पुढं केला. “माझंबी बघा की वाईच,” ती म्हणाली. तुम्ही पेपरमधून मानही वर केली नाहीत. “तुला काय धाड भरलीया? चा टाक त्यास्नी.” तिनं हात मागं घेतला आणि चहा टाकला. कंपाउंडरनं पट्टा पेटीत ठेवला. पुढं किती वर्षं तो येत राहिला, पण त्या घरात तो पट्टा दुसऱ्या कुणाच्या दंडाला लागला नाही.

एक सकाळ अजून तशीच डोळ्यांपुढं आहे. मी नववीत आहे. शाळेच्या पटांगणात प्रार्थना होते, मग प्रतिज्ञा, आधी कन्नडमधून, नंतर मराठीतून, आणि मग तुमचं भाषण. माझ्या कानात शिट्टी वाजते आहे आणि पुढच्या मुलीची वेणी अंधुक होत चालली आहे. जाग येते तेव्हा मी स्टाफरूमच्या बाकावर आहे आणि शिपाईमावशी नाकाशी कांदा धरून बसली आहे. तुम्ही दारात आहात. सगळ्या शिक्षकांसमोर तुम्ही शाळेतल्या शुद्ध भाषेत म्हणता, “सोंगं पुरे झाली. उद्यापासून पहिल्या रांगेत, माझ्यासमोर उभं राहायचं.” मी वर्षभर उभी राहिले. त्यानंतर दमले हा शब्द मी कुणापाशी उच्चारला नाही, सासरी नाही आणि नोकरीतही नाही. आता मीच शाळेत शिकवते. मध्येच फळ्याला हात टेकून थांबते, तेव्हा मुलींना वाटतं बाई विचार करताहेत.

खाल्ल्या मिठाला जागावं, हे तुम्ही शाळेत किती वेळा शिकवलंत. कुठल्या मिठाला जागू, आप्पा? तुम्ही पथ्य पाळून ऐंशी पार केलीत, त्याचा मला राग नाही. तुमच्या दुखण्याला नाव होतं, पथ्य होतं, महिन्याच्या महिन्याला घरी येणारा माणूस होता. आईच्या दुखण्याला नुसता टोमणा होता, आणि तो मला वारशात मिळाला. याचा राग आहे, आणि तो जाईल असं वाटत नाही.

डॉक्टरीणबाईंचं मराठी कानडी वळणाचं, म्हणून त्यांनी आईला सगळं दोनदा समजावलं. आई ऐकत होती. मग अगदी हळू म्हणाली, “म्हंजे मी आळशी न्हवतो व्हय?”

“कोण म्हटलं तुमाला आळशी?” त्यांनी विचारलं.

आईनं माझ्याकडं बघितलं. “कुणी न्हाय. आपलं आसंच.”

तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तिनं तुम्हाला पाठीशी घातलं. तुमच्यामागंही तिची आमटी अळणीच राहिली होती. रात्री तिच्या आमटीत चांगलं चमचाभर मीठ घातलं आणि ताट समोर ठेवून बसले. तिनं एक घास घेतला आणि पाण्याचा तांब्या ओढला. “लई खारट झालीया गं. तुज्या आप्पांनी ताट सारलं असतं.” मग तिनं स्वतःच ताट सारलं.

हा कागद कुठं पाठवायचा नाही. मिठाच्या डब्याखाली घालायला होईल. एक तेवढं सांगायचं राहिलं. आमटीत मीठ घालायच्या आधी मी एक वाटी अळणी बाजूला काढून ठेवली होती, माझ्यासाठी. शेवटी ती आम्ही दोघींनी वाटून खाल्ली, आणि आप्पा, ती चांगली लागली.