घर आमचं, हप्ता बँकेचा

३ जून, सकाळी
आजपासून मुलापुढे हात पसरणं बंद! दरमहा पैसे पाठवतो, पण आधी फोनवर लांबलचक उपदेश. उपाय सापडलाय : रिव्हर्स मॉर्गेज. घर गहाण ठेवायचं, राहायचं आपणच, आणि हप्ता बँकेनं आपल्याला द्यायचा. हिला इतक्यात सांगणार नाही. व्यवहाराचं सगळं तिच्या डोक्यावरून जातं.

५ जून
केसांना कलप लावून बँकेत गेलो. इम्प्रेशन पडायला हवं. मॅनेजरबाई म्हणाल्या, यात वय जितकं जास्त, तितका हप्ता मोठा. कलप फुकट गेला. आम्ही दोघं असेपर्यंत घरातून कोणी हलवणार नाही. दोघंही गेल्यावर मुलानं कर्ज व्याजासकट फेडायचं, नाहीतर बँक घर विकणार. बाई ‘गेल्यावर’ हा शब्द फार प्रसन्नपणे उच्चारतात.

९ जून
घराची किंमत ठरवायला बँकेचा इंजिनियर आला. हिला सांगितलं, प्लंबर आहे. हिनं त्याला थेट सिंकखाली बसवलं. बाहेर आल्यावर तो भिंतीकडे बघत राहिला. मी म्हटलं, ती ओल नाही, सावली आहे. त्यानं सावलीवर बोट टेकवलं. पोपडा पडला.

१३ जून
किंमत माझ्या अंदाजाच्या निम्मी. हरकत नाही, तत्त्व महत्त्वाचं. पण बायकोचीही सही लागते म्हणे. संध्याकाळी धीर करून हिला सांगितलं. रडेल म्हणून रुमाल तयार ठेवला होता.
रडली नाही. व्याज कसं चढतं, घरपट्टी कोण भरणार, डागडुजी कोणाची, विचारत सुटली. मी म्हटलं, डिटेल्स नंतर बघू. मग तिनं विचारलं, तुम्ही गेल्यावर मला इथेच राहता येईल ना? येईल म्हटलं. तिचा चेहरा खुलला. आधी मीच जाणार, हे तिनं किती सहज धरलं!

१४ जून
ही एकटीच बँकेत जाऊन आली. घरपट्टी आणि डागडुजी आपल्याकडेच, म्हणाली. सही करते, पण हप्ता माझ्या खात्यात. मी ठाम नकार दिला.

१५ जून
नकार मागे घेतला. शेवटी घरात एकोपा हवा.

२ ऑगस्ट
पहिला हप्ता जमा झाला. मेसेज हिच्या फोनवर आला. किती, ते सांगितलं नाही. विचारलं, तर म्हणाली, अहो, तुम्हाला काय हवंय ते सांगा, आणून देते.