कानाच्या मशीनची केस

आई, मी केस केली. ठाण्याला, ग्राहक न्यायालयात, वकील न लावता. तू असतीस तर घाबरून माझा हात धरला असतास आणि म्हणाली असतीस, "कशाला उगाच? लोक काय म्हणतील?" लोक बरंच काही म्हणाले. तुझा नातू तर रोज म्हणायचा, "आई, सोड ना. मी दुसरं घेऊन देतो." पण मला दुसरं नको होतं. मी पोळ्या लाटून घेतलेलं तेच मशीन मला चालू हवं होतं.

तुला हे ठाऊक नाही, पण माझेही कान गेले. तुझ्यासारखेच, हळूहळू, आधी डावा. डोंबिवलीत माझं पोळीभाजी केंद्र आहे, ऑर्डरी सगळ्या फोनवर येतात. एका बाईंनी साखरपुड्यासाठी पुरणपोळ्या सांगितल्या आणि मी साध्या पोळ्या पाठवल्या. त्या बाई दारात येऊन रडल्या गं. त्याच आठवड्यात मी ठाण्याला जाऊन कानाचं मशीन घेतलं. ते घरी आल्यापासून कानात शिट्ट्या मारायचं, आणि बोलता बोलता मध्येच मरायचं. दुकानात कितीतरी खेपा घातल्या. शेवटच्या खेपेला मुलगा सोबत होता. दुकानदार माझ्याकडे न बघता त्याला म्हणाला, "आजींना सवय होत नाहीये. या वयात होतं असं. घरी लावतच नसतील." मी समोरच बसलेले. मशीन बंद पडलेलं, पण त्याचे ओठ मला दिसत होते.

आणि तिथे त्या खुर्चीत बसल्या बसल्या मला आपलं मोहने गावातलं स्वयंपाकघर दिसलं. तू कुकरसमोर उभी आहेस, शिट्टी हलते का ते टक लावून बघतेस, आणि मी अभ्यास सोडून तुला बोटं दाखवते, एक झाली, दोन झाल्या. तुला ती वाफ दिसायची तरी मी बोटं दाखवायचेच, आणि तू दर वेळी नव्याने कळल्यासारखी मान हलवायचीस. मग आठवला तो कल्याणचा दिवस. बाबा रेयॉनच्या कारखान्यात होते, ते गेल्यावर त्यांच्या पेन्शनच्या कामासाठी आपण दोघी गेलो होतो. खिडकीमागचा माणूस काहीतरी विचारत होता, तू भलतंच उत्तर देत होतीस. तो मागे बसलेल्या कारकुनाला म्हणाला, "बहिरी आहे का येडी आहे ही?" रांगेतली माणसं हसली. आणि तूही हसलीस, आई. तुला कळलंच नव्हतं की आणखी काही, ते मला आजही सांगता येत नाही. मी खिडकीवर थाप मारून ओरडले, "बहिरी आहे! तुम्ही नीट बोला!" तू माझ्या दंडाला असा चिमटा काढलास की घरी येईपर्यंत तो ठणकत होता. घरी कुकर लावता लावता म्हणालीस, "चारचौघांत तोंड चालवायचं नाही. आपण हसून घ्यावं. हसलं की सोडतात."

नाही सोडत, आई. तू जन्मभर हसलीस आणि कुणी सोडलं नाही. उलट त्यांना सवय लागली.

म्हणून मी तक्रार लिहिली. पहिल्यांदा नेली तर सही राहिली म्हणून परत, दुसऱ्यांदा प्रती कमी म्हणून परत. तिसऱ्यांदा टेबलामागच्या मुलीने सगळं तपासून शिक्का मारला आणि म्हणाली, "आता तुम्ही तक्रारदार. ते सामनेवाले." मला तो शब्द फार आवडला. सामनेवाले! नोटीस गेल्यावर दुकानदाराचा फोन मुलाला आला, मला नाही. "आजींना समजवा, अर्धे पैसे देतो, केस काढून घ्या." मुलगा फोन हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, "त्याला सांग, आजींशी बोल. आणि मोठ्याने बोल."

तारखेला त्यांचा वकील उभा राहिला आणि पुटपुटू लागला. शब्द कळेना, पण माझ्याकडे हात करत होता, म्हणजे विषय मीच. मी उठले. म्हटलं, "मॅडम, मला ऐकू येत नाही म्हणूनच मी इथे आलेय. यांनी माझ्याबद्दल जे सांगायचंय ते मला ऐकू येईल असं सांगावं." मागे कुणीतरी हसलं. मी हसले नाही. समोर बसलेल्या न्यायाधीश बाईंनी वकिलाला हाताने खूण केली, आवाज वाढवा. मग त्याला ते सगळं ओरडून बोलावं लागलं, की तक्रारदार वृद्ध आहेत, त्यांना यंत्र हाताळता येत नाही. ओरडून बोललं की अशी वाक्यं किती वाईट ऐकू येतात! त्याचं त्यालाच ते जड जात होतं. बाईंनी मशीन सरकारी रुग्णालयातून तपासून आणायला सांगितलं.

तपासणीत मशीनमध्येच बिघाड निघाला. बऱ्याच तारखांनंतर निकाल लागला: मशीन बदलून द्या आणि झालेल्या त्रासाची भरपाई द्या. भरपाई मोठी नाही. पण निकालात एक ओळ आहे, तक्रारदारांच्या वापरात कोणतीही चूक दिसून येत नाही. मुलाने ती मला वाचून दाखवली, मग मी त्याच्या हातातून कागद घेऊन स्वतः वाचली. तो म्हणाला, "सॉरी, आई." दुकानदार नवं मशीन देताना मात्र माझ्या तोंडाकडे बघून बोलला.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. गल्ल्याच्या खणात राहील. सगळ्यांना मी सांगत सुटलेय की आईसाठी लढले, आणि शेजारणींच्या डोळ्यांत पाणी येतं. तुला म्हणून सांगते, ते अर्धंच खरं आहे. तारखेच्या दिवशी मी सकाळपासून खूश असायचे, चांगली साडी नेसायचे. मला भांडायला आवडलं, आई. फार आवडलं.