वह्या भरपूर आहेत

चि. धाकट्यास ताईचे आशीर्वाद.

मी ठणठणीत आहे, फक्त संतापले आहे. तुझं वह्यांचं दुकान बंद पडू नये म्हणून ऑनलाइन ग्रोथ मार्केटिंग शिकायला बसले. ‘शेवटच्या दोन जागा’ वाचून घाईने नाव घातलं, तर वर्गात नऊशे माणसं!

काल जाहिरात लिहायची होती. मी लिहिलं, ‘वह्या भरपूर आहेत, शिवण पक्की आहे, सवडीने या.’

मास्तर म्हणतो, “मावशी, ‘फक्त पाचच उरल्या’ लिहा, नाहीतर नापास.”

म्हटलं, “खुशाल करा. माझा भाऊ थापा मारून वह्या विकत नाही.”

जाहिरात होती तशीच टाकली आहे. ती वाचून कुणी आलं का? खरं तेच कळव. मला बरं वाटावं म्हणून गिऱ्हाइकं वाढवून सांगू नकोस.

तुझी,
ताई