सहा महिन्यांची आजी

विहीणबाई भामाबाईंना, आणि त्यांच्यासारख्या व्हिसाच्या सहा महिन्यांच्या शिक्क्यावर अमेरिकेला नेलेल्या तमाम आज्यांना, संभाजीनगरहून करुणाचा जय भीम. आपल्याला तिकडं पाहुणी म्हणून बोलावतात आणि उतरल्या दिवशी स्वयंपाकघर दाखवतात, ही तक्रार तुमची एकटीची नाही.

गुडघा कसा आहे? (फोनवर तुम्ही ‘बरा आहे’ म्हणता, पण तेव्हा मागं तुमचा प्रणय उभा असतो.) इकडं सगळं ठीक. करमाडला आमचे व्याही सांडूभाऊ मजेत आहेत. तुम्ही गेल्यापासून शेजारच्या तीन घरांतून त्यांना डबा येतो.

गेल्या महिन्यात आमच्या अमृताचा फोन आला. सम्यक सहा महिन्यांचा होतोय, प्रणयच्या आईची पाळी संपत आली, आता तुझी. पाळी! जणू कंपनीतली शिफ्ट. मी विचारलं, तुझ्या वडिलांचाही व्हिसा आहे, ते रिटायर आहेत, मग त्यांची का नाही? ती हसत सुटली. “आई, पप्पांना चहा तरी करता येतो का?” चाळीस माणसांवर साहेबी केलेल्या माणसाला चहा येत नाही, याचा घरात कुणाला राग येत नाही, आणि मला मात्र साठ वर्षं झाली तरी सगळं आलंच पाहिजे.

राग आला म्हणून सांगते. माझी विद्यार्थिनी, पाचोडची गौहर, तिचा भाऊ इम्रान एकोणिसाव्या वर्षी सौदीत दम्मामला नोकरीसाठी निघाला, तेव्हा अख्खी गल्ली हार घेऊन उभी होती. चोवीस वर्षांची गौहर नर्सिंग करून जायचं म्हणते, तर चुलते म्हणतात, एकटी पोरगी कशी पाठवायची? चोविशीत आपण परदेशी जायला फार तरुण असतो. साठीत मात्र कुणी अडवत नाही, कारण तेव्हा पगार द्यावा लागत नाही. गौहरसह पाच मुलींची परदेशी नोकरीसाठी लागणारी इंग्रजीची परीक्षा वीस मार्चला आहे, शिकवणारी मी एकटी. मी गेले तर त्या पाचही घरीच बसतील, आणि चुलते म्हणतील, बरं झालं.

म्हणून मी आमच्या अभयरावांनाच तयार करायला घेतलं. गुलमंडीत हबीबभाईंच्या दुकानातून मोठी बाहुली आणली. त्यांनी विचारलं, “बच्चा कितने साल का है, बाजी?” मी यांचं वय सांगितलं, “छियासठ.” पहिल्या दिवशी यांनी बाहुली एका पायानं धरली आणि दुसऱ्या हातानं पेपर उलटला. तिसऱ्या दिवशी डायपर इतका घट्ट बांधला, की बाहुलीचा पाय निखळला (पाय सोफ्याखाली सापडला, अभयराव गॅलरीत). मऊ भात पहिल्यांदा करपला, दुसऱ्यांदा प्यावा लागला. आठव्या दिवशी त्यांनी रविवारची सुट्टी मागितली. मी म्हटलं, भामाबाईंना कधी मिळाली होती ते विचारून सांगते.  मग एका सकाळी स्वतःहून म्हणाले, “करुणा, अमृता एवढीशी असताना हे सगळं तू शाळा सांभाळून करत होतीस?” पस्तीस वर्षांनी प्रश्न सुचला. मी म्हटलं, आधी गॅसवरचं तुमचं दूध बघा.

कळावे. लोभ आहेच, राग तुमच्यावर नाही.

तुमची,
करुणा

ता. क. हे पत्र कुणी आणून दिलं ते दिसलंच असेल. तिकिटावर कुणाचं नाव आहे हे मी अमृताला सांगितलं नव्हतं. विमानतळावर ती माझीच वाट बघत असणार. चिडली असेल तर चिडू द्या. वडील आलेत, कुणी परके नाहीत.

ता. क. दोन. सम्यकला मी अजून मांडीवर घेतलेलं नाही. रोज फोनवर बघते आणि फोन ठेवला की त्याचे फोटो पुन्हा पहिल्यापासून बघत बसते. परीक्षा झाली की एप्रिलमध्ये येईन, तीन आठवडे, पाहुणी म्हणून. पण तुम्ही तिथंच अडकलात तर हे सगळं वाया जाईल. पप्पांना जमणार नाही म्हणत प्रणय आता तुमचा मुक्काम वाढवायचा अर्ज घेऊन येईल, ‘आई, तीनच महिने’ म्हणेल, सम्यकला तुमच्या कडेवर देईल. नातवाला घ्या, मुका घ्या, अभयरावांकडं द्या. अर्जावर सही करू नका.