राखून ठेवलेला बिघाड

२४ सप्टेंबर, बुधवार

आवाज वाढलाय. सिग्नलला गाडी उभी राहिली की पुढून टक-टक-टक, आणि स्टिअरिंग असं थरथरतं की हातातल्या बांगड्या वाजतात. शेजारचा रिक्षावाला वाकून माझ्या पिकअपच्या तोंडाकडे बघायला लागला. मी काच वर केली.

बरेच दिवस ऐकतेय हा आवाज. दाखवला नाही कुणाला. राखून ठेवलाय. हॉर्न झाला, वायपर झाला, दाराचं हँडल तर मीच ओढून ओढून सैल केलं — पण असल्या फुटकळ कामांना मुलुंडचे गॅरेजवाले परब जरा हात लावतात, पुसतात आणि "झालं मॅडम" म्हणून मोकळे होतात. हे काम मोठं दिसतंय. मोठ्या कामाला वेळ लागतो.

२७ सप्टेंबर

आई आज मेथी निवडता निवडता: "गोरेगावातली गॅरेजं संपली काय गं? अख्खा लिंक रोड ओलांडून मुलुंडला कशाला जातेस?"

म्हटलं, त्यांचं काम चांगलं असतं.

वर न बघता म्हणाली, "गाडी आजारी आहे का तू, ते आधी ठरव, मित्राबाई."

काय सांगणार तिला? दोन वर्षांपूर्वी एका सोसायटीची झाडं पोचवताना मुलुंडला गाडी बंद पडली. समोरच्या गॅरेजातून हे परब, हा माणूस आला, मागे डोकावला आणि बॉनेट उघडायच्या आधी म्हणाला, "पहिला तो मोगरा सावलीत घ्या, मान टाकलीय त्यानं." तेव्हापासून माझं काही खरं नाही.

बेचाळीस वर्षांची बाई मी. बाबांच्या मागे नर्सरी एकटीने चालवते, सोसायट्यांच्या सेक्रेटऱ्यांशी भांडते, भावाचंही ऐकत नाही. आणि परबांसमोर उभी राहिले की तोंडातून "वायपर" एवढा एकच शब्द निघतो.

३० सप्टेंबर, मंगळवार

नेली शेवटी.

परबांनी इंजिन चालू ठेवायला सांगितलं, खाली वाकून बघितलं, आणि चेहराच उतरला. "बंद करा. आधी बंद करा." मग — "किती दिवस चालवताय अशी?"

"थोडे."

"थोडे?"

इंजिनच्या पुढे खाली एक जाड पुली असते. डॅम्पर पुली म्हणतात. तिला दोन कडी, एक आत एक बाहेर, मध्ये रबर. इंजिनचे हादरे ते रबर पोटात घेतं. माझं रबर फाटलंय, आणि बाहेरचं कडं सुटून डुगडुगतंय. "अजून चार फेऱ्या मारल्या असत्या तर क्रँक तुटला असता. लिंक रोडवर, भरल्या गाडीनं. हसताय काय?"

हसत नव्हते. म्हणजे, हसत होते. माझी काळजी वाटून कुणी माझ्यावर चिडलंय, असं बाबा गेल्यापासून झालं नव्हतं.

मधला बोल्ट निघता निघेना. पान्याला लांब पाइप लावून परबांनी जोर लावला, मीही. सुटला तेव्हा मी जवळजवळ त्यांच्या अंगावर पडले. दोघंही लगेच दुसरीकडे बघायला लागलो. जुनी पुली निघाली, नवी उद्या येणार.

निघताना सहज बोलावं तसं म्हणाले — "तुमचं हे बहुतेक माझं इथलं शेवटचं मोठं काम. बिल्डिंग पाडतायत. दिवाळी झाली की मी गावाक, कणकवलीला. भाऊ आहे तिकडे."

मी "अच्छा" म्हटलं. अच्छा! रिक्षात बसून घरापर्यंत रडले.

१ ऑक्टोबर

माझ्या हाताने वाट लावून घेतली.

उद्या दसरा. झेंडूच्या कुंड्या आजच सोसायट्यांत पोचायला हव्यात. परबांना फोन केला, पुली आली का? "आली. पण आज बसत नाय. आज खंडेनवमी."

धावत गेले. गॅरेज धुऊन काढलेलं. पाटावर लाल कापड, त्यावर सगळे पाने, पकडी, हातोड्या, जॅक, पुली ओढायचा तो तीन पायांचा पुलर — घासून पुसून ओळीत मांडलेले, प्रत्येकाला हळदकुंकू. "आज हत्याराला हात लावायचा नसतो मॅडम. उद्या पूजा उठली की पहिलं तुमचं."

हे मला कसं सुचलं नाही? आमच्याकडे दसऱ्याला पांढरी साडी नेसून विहारात जायचं, वंदना घ्यायची. हत्यारं पुजायचं आमच्यात नाही. लोक पुजतात हे लहानपणापासून बघितलंय, पण त्या दिवशी ती उचलतच नाहीत हे कधी डोक्यात आलं नव्हतं. ऐन सणाला गाडी देऊन बसले. ती तिथे पुढून उघडी, पुली खोक्यात, आणि माणूस हात जोडून उभा.

रागवायला हवं होतं. राग येईचना. कुंड्यांसाठी भाड्याचा टेम्पो केला, ड्रायव्हरला पुढे पाठवलं आणि हातातली झेंडूची पिशवी परबांना दिली. त्यांनी एकेका पान्यावर एकेक फूल ठेवलं. मग भिंतीवरच्या बायकोच्या फोटोलाही. सहा वर्षं झाली तिला जाऊन. किती हळू ठेवलं ते फूल. मला तिचा हेवा वाटला — आता लिहिताना लाज वाटते, पण वाटला.

२ ऑक्टोबर, दसरा

विहारातून तशीच पांढऱ्या साडीत मुलुंडला. परबांनी एकदा बघितलं आणि म्हणाले, "ग्रीस लागेल, लांब उभ्या राहा."

नवी पुली ठोकून बसवत नाहीत. ठोकली की नवं रबरही गेलं. बोल्ट थोडा थोडा आवळत तिला आत ओढून घ्यायची. परबांना घाई कशी ती नाहीच. मला तर मुळीच नव्हती.

इंजिन चालू केलं. टक-टक बंद. स्टिअरिंगवर हात ठेवला, गप्प. परब एकदम खूश. "आता वर्षभर बघायला नको."

एवढं चांगलं काम करायला कुणी सांगितलं होतं!

७ ऑक्टोबर

गाडी झकास. माझी वाट लागलीय.

१२ ऑक्टोबर, रविवार

सकाळी बॅटरीची वायर सैल करावी म्हणून बॉनेट उघडलं. खरंच उघडलं. हात तिथपर्यंत गेलासुद्धा. मग दिसलं, परबांनी न सांगता त्या वायरीला नवं क्लॅम्प लावलंय. बॉनेट खाली घेतलं आणि कुंड्यांना पाणी घालत बसले.

ते निघून जातील. कणकवलीला कुणाच्या तरी गाडीपुढे वाकून "हसताय काय" म्हणतील. आणि मी इथे ठणठणीत गाडी चालवत राहीन.

दुपारी आईला सगळं सांगितलं. ऐकून घेतलं तिने. मग — "ते देवदेव करणारे, आपल्यात ते नाही. त्यांच्या घरचे काय म्हणतील, आपले काय म्हणतील. यावर काही बोललात तुम्ही?"

"आम्ही वायपर सोडून कशावरच बोललो नाही."

आईला हसू आवरेना. पदराने डोळे पुसले, पाणी हसून आलं होतं का कसं, कळलं नाही. म्हणाली, "मग बोल की. नाही म्हणाला तर मुलुंड लांबच आहे."

१५ ऑक्टोबर

बसने गेले. परब बाहेर आले आणि माझ्या मागे रस्त्यावर बघत राहिले. "गाडी खंय?"

"घरी. तिला काही झालं नाही. तुम्ही गावाला जाऊ नका, एवढंच सांगायला आले."

हातातला पाना खाली ठेवला त्यांनी. कितीतरी वेळ हात पुसत होते. मग म्हणाले, "तुमच्या आईला चालेन मी?"