न वाचता केलेली सही

आबा, तुम्ही लिहायचात तो कागद कोर्टात टिकला नाही. घरात हे तुम्हाला सांगणारं दुसरं कुणी नाही, म्हणून मीच सांगते. तुम्ही गेलात तेव्हा जिल्ह्याचं गाव औरंगाबाद होतं, आता सगळ्या पाट्यांवर छत्रपती संभाजीनगर आहे. पण कन्नडला आपल्या घरी सोयरीक मोडायची असली की अजून बैठकच बसते आणि फारकत तुमच्याच मसुद्यावरून उतरवतात. दोघं राजीखुशीनं वेगळे होत आहेत, ज्याचे दागिने त्याला परत, पुढं एकमेकांवर हक्क नाही, आणि चौथं कलम, अपत्य पित्याच्या ताब्यात राहील. काकांनी तो मसुदा पोथी ठेवावी तसा देवघरात ठेवलाय.

मला अजून दिसतं, मी अकरा वर्षांची आहे. ओसरीवर पंच बसलेत आणि तुम्ही खणखणीत आवाजात कागद वाचताय. बायांनी बैठकीत बसायचं नाही, म्हणून जिची फारकत लिहिली जातेय ती सिल्लोडकडची बाई आईजवळ स्वयंपाकघराच्या दारात उभी आहे, कडेवर तान्हं. चौथं कलम आलं तशी ती बाहेर आली आणि म्हणाली, "मामा, लेकरू अजून अंगावर पितंय." तुम्ही मानसुद्धा वर केली नाही. "लेकरू ज्याच्या नावाचं, त्याच्या घरी. दोन दिस रडल, मंग राहील." मी तिच्यापुढं चहाचा कप धरला, तिनं घेतला नाही. संध्याकाळी मी तुम्हाला विचारलं, तिचं बाळ तिकडं का दिलं? तुम्ही म्हणालात, "बैठकीतलं घरात बोलायचं नाय. आन् तू कोण इचारणार?" त्याच आठवड्यात मी शाळेत फुशारकी मारली होती, की आमच्या आबांनी लिहिलेली फारकत कधी कोर्टात जात नाही.

माझी गेली. माझं सासर इंदूरचं, मराठीच माणसं पण राज्य दुसरं. नवरा वाईट नाही असं सगळे म्हणतात, मीही म्हणते. पण त्या घरात मी आठ वर्षं परवानग्या मागत जगले, आणि एक दिवस मागायचा कंटाळा आला. पोरीला घेऊन इकडं संभाजीनगरला आले, चिकलठाण्याला एका कारखान्यात तपासणीच्या कामाला लागले, जवळच दोन खोल्या घेतल्या, पोरीला पहिलीत घातलं. वर्षभरानं काकांनी बैठक बोलावली. इंदूरहून सासरे आणि नवरा आले. पोरगी माझ्याकडंच राहील, असं तोंडी ठरलं, सासरेही हो म्हणाले. मग स्वयंपाकघराच्या दारात माझ्याकडं कागद आला. मी उघडून वाचायला लागले तर काका म्हणाले, "वाचाया काय हाय त्यात? तुझ्या बापाचाच मसुदा हाय. आमी बसलोय ना सगळे." आबा, माझं काम काय आहे माहितीये? यंत्राचा सुटा भाग हातात घ्यायचा, मापायचा, आणि माप बसल्याशिवाय सही करायची नाही. सुपरवायझर डोक्यावर उभा राहिला तरी नाही. आणि त्या दिवशी मी न वाचता सही केली. वडीलधाऱ्यांसमोर कागद वाचणं म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखवणं, हे तुम्हीच आमच्या हाडात घातलेलं. कुणी कपट केलं असंही नव्हतं. तोंडी एक ठरलं, आणि काकांनी मसुदा होता तसाच उतरवला, चौथ्या कलमासकट. तुमचा शब्द खोडायची त्यांची छाती झाली नाही.

वार्षिक परीक्षा संपली आणि नवरा तो कागद घेऊन दारात उभा. "चौथं कलम वाच." तेव्हा मी ते पहिल्यांदा वाचलं. काकांना फोन लावला तर ते म्हणाले, "आता सही केली ना? मंग शब्द पाळ. आबाच्या लेकीनं शब्द फिरवला म्हनतील लोकं." मी म्हणाले, म्हणू द्या, पोरगी देणार नाही. आणि दार लावून घेतलं. कडीही लावली.

त्यानं इंदूरच्या कोर्टात ताब्याचा अर्ज केला. मी तीन तारखांना जाऊन आले. त्याचं गाव, त्याचं राज्य, तुझा तिथं काय निभाव लागणार, असं सगळ्यांनी ऐकवलं. इथल्या वकीलबाई मात्र बडीशेप चघळत म्हणाल्या, "ताई, हे बापाचं गाव बघून ठरत नाही, अन् आईचं माहेर बघून पण नाही. लेकरू रोज राहतं कुठं, तिथल्या कोर्टानं ठरवायचं. अन् बैठकीनं लेकराचं काही का लिहिना, कोर्ट लेकराचं भलं बघतं. कागद गोळा करा." मग मी माझं काम केलं. शाळेची हजेरी, लसीचं कार्ड, दातांच्या डॉक्टरची चिठ्ठी, एकेक तपासून लावलं. इंदूरच्या कोर्टानं सांगितलं, हा अर्ज इथं चालणार नाही. मग त्याला इथं यावं लागलं. इथल्या न्यायाधीशबाई पोरीला आपल्या खोलीत नेऊन तिच्या एकटीशी बोलल्या. मी बाहेर बाकावर. ती आत काय बोलली ते मी विचारलेलं नाही. हुकूम झाला, शेवटचा निकाल लागेपर्यंत पोरगी आईकडं, अर्धी उन्हाळ्याची सुट्टी इंदूरला, आणि दर रविवारी बापाशी व्हिडिओ कॉल.

काका आता माझ्याशी बोलत नाहीत. आबाचं नाव घालवलं म्हणतात. घालवलं, आबा. परत वेळ आली तर परत घालवीन. तुमचे कागद कोर्टात गेले नाहीत ते बिनचूक होते म्हणून नव्हे, त्या बायांना कोर्टाची वाट कुणी दाखवली नाही म्हणून. तुम्ही मला शिकवलंत, शहरात ठेवलंत, याचं मोल मला आहे आणि तुमची आठवण येते तेव्हा डोळेही भरतात. पण त्या कलमासाठी मी तुम्हाला माफ केलेलं नाही, आणि तुम्ही असतात तर बैठकीच्या मधोमध बसून हे तोंडावर सांगितलं असतं.

हे पत्र कुणाला दाखवायचं नाही, आणि पाठवायला पत्ता नाही. त्यामुळं एक गोष्ट लिहिते, जी वकीलबाईंनाही ठाऊक नाही. गेले दोन रविवार मी फोन बंद करून पिठाच्या डब्यामागं ठेवला होता. पोरगी काढलेलं चित्र हातात धरून बसली होती, पप्पांना दाखवायला. मी म्हणाले, त्यांच्याकडं रेंज नसेल. ती म्हणाली, "इंदूरला रेंज असते की, आई." आणि चित्राची घडी करून दप्तरात ठेवली.