राजाचे जाळ आणि माझी घंटा

११ जानेवारी २०२१, आइंडहोवन
आजपासून रोजनिशी. मी बोलते, फोन लिहितो. अक्षरओळख त्याला आहे, मग मला कशाला? तीन महिन्यांसाठी आले होते. विमानं बंद, अकरावा महिना चालू. मुलगा शैलेंद्र पोटमाळ्यावर ऑफिस करतो. त्याने देवघरातली घंटा माझ्या उशाशी ठेवली. पडलीस, छातीत दुखलं, तरच वाजव म्हणाला. म्हणजे आता पूजा मुकी.

१२ जानेवारी
नात अपूर्वाची शाळा टॅबवर. तिथली गोष्ट तिने मला सांगितली, निम्मी डचमध्ये. चीनचा राजा यू. राणी कधी हसायची नाही. शत्रू आला की डोंगरावर जाळ पेटवायचा, ही मदतीची खूण. याने उगाच पेटवला. सरदार फौजा घेऊन धापा टाकत आले, राणी खुदकन हसली. मग काय, ऊठसूट जाळ! खरा शत्रू आला तेव्हा कोणी फिरकलं नाही. राजा मेला, राज्य बुडालं. बावळट मेला. प्रमाण नको?

१३ जानेवारी
घंटा वाजवली. चालते का पाहायला. शैलेंद्र दोन जिने धावत उतरला, एका पायात मोजा. म्हटलं, आलाच आहेस तर चहा घे, आलं घातलंय. चिडला, पण प्यायला. उभ्यानेच. पुन्हा वाजवायची नाही.

१५ जानेवारी
एकदाच. पोहे निवत होते. ही इमर्जन्सी नाही म्हणाला. गार पोहे कधी खाल्लेत त्याने?

१९ जानेवारी
तीनदा. तिसऱ्यांदा वरूनच ओरडला, आई, बॉस लाइनवर आहे. मी काही चिनी राजा नाही. त्याला तमाशा हवा होता. मला समोर बसून चहा पिणारं माणूस हवंय, तेही दहा मिनिटं.

२२ जानेवारी
तुळशीला ऊन मिळावं म्हणून स्टुलावर चढले. कुंडीसकट खाली. पाय मुरगळला. घंटा कमरेला खोचलेलीच होती, मी दूरदर्शी. वाजवली. वाजवतच राहिले. अपूर्वा खोलीतून म्हणाली, आजी, स्टॉप. पन्नास मिनिटं! पायापेक्षा हात दुखला. शैलेंद्र जेवायला उतरला तेव्हा दिसले. फरशीवर बसला, माझा पाय मांडीवर घेतला, डोळे भरले त्याचे. एवढा वेळ वर्षात बसला नव्हता. आणि नेमका चहा करायला मला उठता येईना.

१ फेब्रुवारी
पाय बरा. घंटा देवघरात परत. शैलेंद्रने माझ्या गळ्यात बटण अडकवलंय. दाबलं की कुठल्याशा ऑफिसातली डच बाई टेबलावरच्या डब्यातून बोलते. गरज वाटली तर ती त्याला कळवणार.
दाबून पाहिलं. बाई लगेच हजर. आवाज गोड. मी विचारलं, चहा घेणार का? तिनेही काहीतरी विचारलं. थोडा वेळ बोललो दोघी.
कप दोन केले होते. दुसऱ्यात साखर जास्त, शैलेंद्रला लागते तशी. तोही मीच संपवला.